मोटरसायकलला बाहेरचा ऑक्सिजन सेन्सर बसवायचा तर

मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो, गॅरेजवाला स्कॅनर जोडतो, पडद्यावर ऑक्सिजन सेन्सरचा कोड येतो आणि निकाल लागतो: "सेन्सर गेलाय भाऊ, नवा टाकावा लागतो." कन्नडपासून उदगीरपर्यंत कुठेही हेच ऐकाल. शोरूमचा भाग महाग, तोही मागवला की आठवडाभराने येणार, म्हणून मग बाजारातला दुसऱ्या कंपनीचा सेन्सर शोधला जातो. तो बसवणं अवघड नाही. हाताला पान्याची सवय असेल तर अर्ध्या तासाचं काम. खरा वेळ जातो तो आधीच्या तपासणीत, आणि तीच बहुतेक जण टाळतात. म्हणून या लेखातही तिलाच जास्त जागा दिली आहे.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे कडक निकष लागू झाले आणि नव्या गाड्यांमधून कार्ब्युरेटर जवळपास गेला. इंजेक्शन आलं, ईसीयू म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक आला आणि त्या ईसीयूला धूर कसा निघतोय हे कळावं म्हणून बेंड पाईपवर, म्हणजे इंजिनातून सायलेन्सरकडे जाणाऱ्या वाकड्या नळीवर, हा सेन्सर आला. त्याच्या टोकाला झिर्कोनियाची चिनी मातीसारखी नळी असते. तिच्या एका अंगाला सायलेन्सरचा गरम वायू, दुसऱ्या अंगाला बाहेरची हवा. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमधल्या फरकावर थोडा विद्युतदाब तयार होतो. पेट्रोल जास्त झालं की ०.८ ते ०.९ व्होल्ट, हवा जास्त झाली की ०.१ ते ०.२ व्होल्ट. मधला आकडा साधारण ०.४५. ईसीयू तो दाब बघून पेट्रोल थोडं वाढवतो, थोडं कमी करतो, म्हणून चालू गाडीत आकडा सतत वरखाली नाचत असतो. तो नाचणं हीच तब्येत ठीक असल्याची खूण. मात्र टोक ३०० अंशांच्या पुढे तापल्याशिवाय हे काम सुरू होत नाही. लवकर तापावं म्हणून बहुतेक सेन्सरांच्या आत हीटर बसवलेला असतो.

आता यातली एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, पुष्कळ पैसे वाचतील. ईसीयू या सेन्सरचं ऐकतो ते गाडी उभी असताना आणि एकसारख्या वेगाने चालताना. ॲक्सिलरेटर पूर्ण पिळला की तो सेन्सरकडे दुर्लक्ष करून स्वतःच्या पाठ आकड्यांवर पेट्रोल सोडतो. म्हणजे गाडी औट्रम घाटात फुल्ल रेसवरच मेल्यासारखी चढत असेल, बाकी ठिकाणी बरी चालत असेल, तर आधी पेट्रोल पंप, फिल्टर, प्लग आणि क्लच बघा. ॲव्हरेज घसरलं, उभ्या गाडीचा आवाज खालीवर होतोय, संथ चालताना झटके बसतायत, पेट्रोलचा वास येतोय, अशी लक्षणं असतील तर सेन्सरवर संशय घ्यायला हरकत नाही.

आधी कोड नीट वाचा

अनेक बीएस-६ गाड्यांत सीटखाली किंवा बाजूच्या पॅनेलमागे लाल रंगाचा सहा पिनांचा कप्लर, म्हणजे वायरींचा जोड, असतो. त्याला जोडवायर लावली की कारसाठीचा साधा ब्लूटूथ स्कॅनरही बऱ्याच गाड्यांवर कोड दाखवतो. पी०१३१ म्हणजे सेन्सरचा दाब कायम कमी, पी०१३२ म्हणजे कायम जास्त, पी०१३५ म्हणजे हीटरच्या सर्किटमध्ये बिघाड. तिघांचीही नावं सेन्सरला चिकटलेली, पण कारणं वेगवेगळी.

पी०१३१ आला तर सेन्सर मागवण्याआधी बेंड पाईपच्या नटांना पाना लावून बघा. एका सिलिंडरच्या इंजिनात धुराचा एक धक्का गेला की पाईपमध्ये क्षणभर ओढ तयार होते. इंजिनाच्या हेडजवळची, पाईपच्या सांध्यातली रिंग दबलेली असेल किंवा नट ढिले असतील तर त्या ओढीने बाहेरची हवा आत येते. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, ईसीयू समजतो हवा जास्त झाली, आणि पेट्रोल वाढवत बसतो. सेन्सर बिचारा खरं तेच सांगत असतो. आपल्याकडच्या खडखडीत रस्त्यांवर हे नट किती लवकर सुटतात ते वेगळं सांगायला नको. इंजिन थंड असताना चालू करा, जाड ओल्या फडक्याने सायलेन्सरचं तोंड दोन-तीन सेकंद दाबा आणि हेडपाशी कान द्या. फुसफुस ऐकू आली किंवा सांध्यावर काजळीचे काळे पट्टे दिसले तर रिंग बदला. रिंगेला लागणारे पैसे सेन्सरच्या मानाने काहीच नाहीत. पाईप एकदा उतरवला की जुनी रिंग परत लावायची नाही, हेही धरून चाला.

मग वायरिंग. गाडी शेतात आखाड्यावर उभी राहत असेल तर उंदरांनी वायर कुरतडलेली सापडणं अगदी नेहमीचं आहे. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल इंजिनाखाली थापला जातो, वाळून दगड होतो, आणि त्यात कप्लर अडकून वायर ताणली जाते. कप्लर सोडवा, पिनांवर हिरवट गंज आहे का बघा, वायर पाईपला टेकून वितळली आहे का बघा.

हीटरचा कोड असेल तर मल्टिमीटर ओहमवर ठेवून, थंड गाडीत, सेन्सरकडच्या एकाच रंगाच्या दोन वायरींमधला रोध मोजा. काही ओहम ते दहा-पंधरा ओहम असा आकडा आला तर हीटरची तार शाबूत आहे. मीटरने काहीच दाखवलं नाही तर तार तुटली, सेन्सर गेला. सिग्नलच्या वायरीवर मात्र ओहमचं माप कधीही लावू नका. मीटर त्यातून स्वतःचा प्रवाह सोडतो आणि चांगला सेन्सर खराब होऊ शकतो.

हे सगळं ठीक निघालं आणि तापलेल्या गाडीतही सिग्नल एकाच आकड्यावर चिकटून बसला असेल, तर खुशाल नवा घ्या.

कोणता घ्यायचा

दुकानात "ऑक्सिजन सेन्सर" म्हटलं की काय हातात पडेल सांगता येत नाही, म्हणून जुना काढून सोबत न्या. चार गोष्टी जुळल्या पाहिजेत.

पहिली, वायरींची संख्या. एक वायर म्हणजे हीटर नसलेला सेन्सर, ज्याचं अर्थिंग आट्यांमधून होतं. चार वायरी म्हणजे दोन हीटरच्या, एक सिग्नल, एक अर्थ. बॉश आणि एनटीकेच्या चार वायरींच्या सेन्सरांत साधारणपणे दोन पांढऱ्या हीटरच्या, काळी सिग्नलची, करडी अर्थची असते. डेन्सोत दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नलची, पांढरी अर्थची. गाडीच्या हार्नेसचे, म्हणजे मूळ वायरिंगचे, रंग याहून वेगळे असतात, तेव्हा रंगाला रंग जोडत बसू नका.

दुसरी, आटे. मोटरसायकलींत एम-१२ (१२ मिलिमीटर व्यासाचे) आणि १.२५ मिलिमीटर पिचचे, म्हणजे शेजारच्या दोन आट्यांत तेवढं अंतर असलेले, आटे पुष्कळ दिसतात. कारमध्ये आणि मोठ्या सेन्सरांत एम-१८ आणि १.५ मिलिमीटर. बाजारातला बेंड पाईप घेतला तर त्यावर बरेचदा एम-१८ चं भोक असतं आणि गाडीचा सेन्सर एम-१२ चा. मग मधे ॲडॉप्टर येतो. ॲडॉप्टर फार जाड असेल तर सेन्सरचं टोक वायूच्या वाटेतून मागे राहतं, नीट तापत नाही, आणि कोड परत येतो. शक्य तितका आखूड ॲडॉप्टर घ्या.

तिसरी, हीटरचा रोध. ईसीयू हीटरमधून जाणाऱ्या प्रवाहावर नजर ठेवतो. जुन्याचा आकडा कळत असेल तर नवा त्याच्या जवळचा हवा, नाहीतर नवाकोरा सेन्सर लावूनही पी०१३५ हजर.

चौथी, कप्लर. तो थेट बसणारा मिळाला तर दोन पैसे जास्त द्या. "युनिव्हर्सल" म्हणून मोकळ्या वायरींचा मिळतो तो स्वस्त पडतो, पण त्यात जोडकाम आलं. हे जोडकाम डागाने, म्हणजे सोल्डर करून, करायचं नाही. बऱ्याच झिर्कोनिया सेन्सरांना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीच्या तारांमधल्या फटींतूनच आत जाते. डाग दिला की ती वाट बुजते आणि सेन्सर आतून गुदमरतो. दाबून बसवायचे क्रिंप वापरा, वरून उष्णतेने आवळणारी नळी चढवा. कप्लरमध्ये ग्रीस भरू नका, कारण तेच.

बिननावाच्या डबीतला सेन्सर माझ्या मते घेऊच नये. दिसायला सारखाच असतो, पण आत काय आहे ते बसवल्यावरच कळतं.

काढणं आणि बसवणं

जुना सेन्सर काढणं हाच या कामातला सगळ्यात हट्टी भाग. लोखंडी पाईप आणि सेन्सरचे आटे वर्षानुवर्षं तापून-गार होऊन एकमेकांत रुतलेले असतात. आदल्या रात्री मुळाशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी गाडी तीन-चार मिनिटं चालवा, पाईप कोमट होऊ द्या, हातमोजे घाला. कप्लर आधी सोडवा, म्हणजे सेन्सर फिरताना वायरही मोकळी फिरेल. एम-१२ च्या सेन्सराला बहुधा १७ चा आणि एम-१८ ला २२ चा पाना लागतो. चिरलेला सॉकेट मिळतो, ज्यातून वायर बाहेर येते. तो नसेल तर रिंगपाना वायरीतून ओवून घ्या. तोंडाचा पाना शेवटचा पर्याय, कारण कोपरे गोल झाले की मग वेल्डिंगवाल्याकडेच जावं लागतं. थोडा सुटला की सरळ ओढत नेऊ नका. अर्धा फेरा सोडा, पाव फेरा परत आवळा, पुन्हा तेल टाका. आटे खरवडून निघाले तर बेंड पाईपच गेला.

बाहेर आलेलं टोक फेकण्याआधी बघा. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय. तेलकट तपकिरी थर म्हणजे इंजिन ऑईल खातंय. पांढरी भुकटी असेल तर कुणीतरी सांध्याला साधं सिलिकॉन गॅस्केट फासलेलं असण्याची शक्यता मोठी, त्याची वाफ सेन्सरला विष असते. मूळ दुखणं तसंच ठेवून नवा सेन्सर लावला तर तोही त्याच वाटेने जाणार.

भोकाचे आटे तारेच्या ब्रशने आणि फडक्याने साफ करा. गरज पडली तर त्याच मापाचा टॅप हाताने फिरवा, आत पडलेला कीस झटका. नव्या सेन्सरच्या आट्यांवर बहुतेक वेळा आधीच लेप असतो, तो असेल तर काही लावायचं नाही. नसेल तर ऑक्सिजन सेन्सरला चालणारं अँटी-सीझ, तेही फक्त आट्यांवर, टोकाला त्याचा स्पर्शही नको. नळाला गुंडाळतो ती टेफ्लॉन पट्टी तर अजिबात नको. एक वायरीच्या सेन्सरचं अर्थिंगच तिने तुटतं.

वॉशर जागेवर आहे ना ते बघून सेन्सर आधी बोटांनी फिरवा. सहज शेवटपर्यंत गेला पाहिजे. अडला तर तिथेच थांबा, आडवे आटे धरलेत. मग टॉर्क पाना. एम-१२ साठी साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर, एम-१८ साठी ४० च्या आसपास, आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा. टॉर्क पाना नसेल तर आखूड दांड्याचा पाना घ्या आणि वॉशर दबल्याचं हाताला जाणवलं की सोडा. सेन्सर बसवताना हातून फरशीवर पडला तर आतली माती तडकलेली असू शकते, वरून काही दिसत नाही. असा सेन्सर बसवून नंतर कोड शोधत फिरण्यापेक्षा आधीच बाजूला ठेवा.

वायर मूळच्या क्लिपांमधूनच न्या. पाईपला कुठेही टेकता कामा नये, आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून ताण येत नाही हे बघा.

तपासणी

स्कॅनरने जुना कोड पुसा. मग गाडी थंडीतून चालू करून तापू द्या आणि वीसेक मिनिटं फिरवून आणा: थोडी गर्दी, थोडा एकसारखा वेग. बीडच्या आसपास असाल तर मांजरसुंब्याचा घाट जोर काढून बघायला चांगला. ईसीयूने जुन्या सेन्सरच्या काळात पेट्रोलचं गणित बदलून ठेवलेलं असतं, ते सुरळीत व्हायला थोडं चालवावं लागतं. पहिल्याच फेरीत ॲव्हरेज मोजायला बसू नका.

खात्रीच करायची तर डिजिटल मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, सिग्नलच्या पिनेला कप्लरच्या मागून बारीक टाचणी लावा आणि तापलेलं इंजिन ३००० आरपीएमच्या आसपास धरा. आकडा ०.१ आणि ०.९ च्या मधे झपाझप फिरला तर काम झालं. संथ फिरत असेल तर टोक तापत नाहीय किंवा गळती अजून शिल्लक आहे. "कोड मिटवून देतो, चालून बगा" एवढ्यावर गॅरेजातून निघू नका, हे दोन मिनिटांचं माप तिथेच घ्यायला लावा.

वाइडबँडचं प्रकरण वेगळं

बुलेटवाले, कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्या जपणारे आणि जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक, बदलणारे ज्याला ऑक्सिजन सेन्सर म्हणतात तो वेगळा असतो. वरचा सगळा सेन्सर "पेट्रोल जास्त की हवा जास्त" एवढंच सांगतो. किती जास्त, ते वाइडबँड सांगतो. बॉशचा एलएसयू ४.९ यात सर्रास वापरला जातो. तो गाडीच्या ईसीयूच्या कप्लरला लावायचा नसतो. त्याला स्वतंत्र कंट्रोलर आणि मीटर लागतं. त्याचा कप्लर कापायचा नाही, कारण त्या सेन्सरच्या मापाचा रोधक त्या कप्लरमध्येच बसवलेला असतो.

यासाठी पाईपवर एम-१८ चा जाड आटेदार बुश वेल्ड करावा लागतो. वाळूज, चिकलठाणा किंवा जालन्याच्या एमआयडीसीकडचा कुठलाही लेथवाला स्टेनलेस स्टीलचा बुश काढून देतो, फक्त आट्याचं पिच १.५ आहे हे कागदावर लिहून द्या. पाईप गाडीवरून उतरवा, आर्गन वेल्डिंग करून घ्या. वेल्डिंगच्या वेळी बुशात एखादा जुना बोल्ट फिरवून ठेवा, नाहीतर उष्णतेने आटे वाकतात. जागा हेडपासून साधारण २० ते ४० सेंटिमीटरवर आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर त्याच्या आधी. सेन्सर वरच्या अंगाला हवा, घड्याळातल्या १० आणि २ च्या मधे, म्हणजे टोक खाली झुकलेलं राहतं आणि पाईपमधलं पाणी त्यावर साचत नाही. दीडशे सीसीच्या गाडीचा पाईप बारीक असतो, तिथे बुश थोडा उंच ठेवा. पूर्ण टोक आत गेलं तर धुराची वाट अडते.

वीज की-स्विचने चालू होणाऱ्या लाइनवरून, रिलेमधून, कंट्रोलरच्या पुस्तिकेत दिलेला फ्यूज लावून घ्या. हीटर सुरुवातीला बऱ्यापैकी प्रवाह खेचतो, थकलेली बॅटरी असेल तर आधी ती बघा. इंजिन चालू असताना सेन्सरला वीज बंद असेल तर काजळीने तो लवकर मरतो.

जुन्या गाडीत हवा घुसवणारा आणखी एक चोर असतो. धूर कमी करण्यासाठी बीएस-३ आणि बीएस-४ च्या अनेक गाड्यांत एअर फिल्टरकडून हेडकडे येणारी एक नळी असते, ती सायलेन्सरच्या वाटेत ताजी हवा सोडते. मोजताना ती तात्पुरती बंद करा, मोजून झालं की परत जोडा. नाहीतर मीटर कायम "हवा जास्त" म्हणेल आणि तुम्ही जेट वाढवत बसाल.

पंपावरच्या पेट्रोलमुळेही गोंधळ होतो. आपल्या भागातल्या उसाचं इथेनॉल आता २० टक्क्यांपर्यंत पेट्रोलमध्ये मिसळतं. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट, म्हणून ई-२० ला १३.५ च्या आसपास. पण मीटर आतून लॅम्डा, म्हणजे मिळालेली हवा भागिले लागणारी हवा, मोजतो (मिश्रण बरोबर असेल तर १) आणि त्याला १४.७ ने गुणून दाखवतो. ई-२० टाकलेलं असलं तरी मिश्रण बरोबर असेल तेव्हा तो १४.७ च म्हणणार. म्हणून मीटर सरळ लॅम्डावर लावा: संथ चालीत ०.९५ ते १, पूर्ण रेसवर ०.८६ ते ०.९ च्या आसपास. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला मे महिन्याच्या ४२ अंशांत पूर्ण रेसवर १ च्या वर चालवणं म्हणजे पिस्टनची परीक्षा बघणं.

कायद्याचंही बघा. बिघडलेला सेन्सर त्याच कामाच्या दुसऱ्या सेन्सरने बदलणं ही दुरुस्ती आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कापून काढणं किंवा सेन्सरच्या जागी खोटा सिग्नल देणारा तुकडा लावणं ही वेगळी गोष्ट. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत केलेल्या फेरबदलांबद्दल आहे, कलम १९०(२) आवाज आणि प्रदूषणाबद्दल. वाहतूक पोलीस सायलेन्सरवर रोलर फिरवतात ते फोटो सगळ्यांनी पाहिलेत. एप्रिल २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या ओबीडी-२ च्या, म्हणजे स्वतःचा बिघाड स्वतः ओळखणाऱ्या यंत्रणेच्या, गाड्यांत तर ईसीयूला असले तुकडे लवकर ओळखू येतात.

ट्यूनिंग संपलं आणि वाइडबँड काढून ठेवायचा असेल तर बुशाला एम-१८ चा बूच वॉशरसकट लावा. वीज तोडून सेन्सर पाईपमध्येच ठेवू नका. आणि कुठलाही सेन्सर असो, लांबून आल्या आल्या बेंड पाईपवर पाण्याचा फवारा मारू नका. तापलेलं टोक गार पाण्याने तडकतं. धुणं दोन तासांनी करा.